चालत्या गाडीला धक्का

जेवणानंतरचा काकवीचा गोड शूफ्लाय कापला जाईपर्यंत शर्यतीचा विषय काढायचा नाही, हा मर्ल झायडर्सने घातलेला दंडक त्या कुटुंबात इतकी वर्षे पाळला गेला होता, की घरात येऊ घातलेल्या जावयांना तो साखरपुड्याआधीच सांगितला जाई. त्या रविवारी तो सूप वाढून होण्याआधीच मोडला. मोडणारी होती मर्लची धाकटी मुलगी नॅडीन.

जेवण नेहमीच्या जागी होते, मर्लच्या मोटार-शर्यतीच्या ट्रॅकवर, प्रेक्षकांच्या लाकडी पायऱ्यांखालच्या स्वयंपाकघरात. शनिवारी तिथल्या खिडकीबाहेर तळलेल्या बटाट्यांसाठी रांग लागे. रविवारी चर्चहून आल्यावर तिथेच दोन लांब टेबले जोडली जात. बिटाच्या रसात मुरवलेली लालभडक अंडी मांडून झाली होती. नॅडीन कोंबडी-मक्याचे सूप वाढत होती. तिची मुलगी डेलनी वाडगा घेऊन भांड्यापाशी उभी होती, आणि तिच्या मागे लमारमामा येऊन उभा राहिला.

"लमार, तिच्या मागे उभा राहू नकोस बाबा," नॅडीन पळी हवेत धरून म्हणाली. "परत धक्का लागायचा. सूप सांडेल आणि पोरगी जाईल रांगेच्या शेवटी."

कोणी हसले नाही. लमारचा मुलगा ब्रॉक अर्धे अंडे हातात घेऊन थांबला. लमारने आपला वाडगा हळूच टेबलावर ठेवला.

"नॅडीन," टेबलाच्या टोकाकडून मर्लचा आवाज आला. "शूफ्लाय अजून आख्खा आहे."

"राहू दे आख्खा. काल माझ्या मुलीचं अख्खं वर्ष गेलं, आणि आज आम्ही मक्याच्या दराबद्दल बोलायचं? मला नाही जमणार, बाबा."

मर्लने थोरल्या मुलीकडे पाहिले. व्हर्नाने पावाची टोपली खाली ठेवली. ट्रॅकची शर्यत-प्रमुख म्हणून ती दर शनिवारी मनोऱ्यात बसे, आणि डेलनीला मागे पाठवणारा काल रात्रीचा आवाज तिचाच होता. सकाळी चर्चमध्ये तीन वेगवेगळ्या माणसांनी तिच्याशी हस्तांदोलन करताना हात नेहमीपेक्षा थोडा लवकर सोडला होता. या टेबलावर विषय निघणार हे तिला ठाऊक होते. तो सूपच्या आधी निघाला याचे तिला मनातून बरेच वाटले.

"बोलू या," ती म्हणाली. "पण बसून. आणि एका वेळी एकानेच."

काल घडले त्याचा पहिला भाग सगळ्यांनी पाहिला होता. हंगामाची शेवटची शर्यत, थोडेच फेरे उरलेले. डेलनी एक्केचाळीस-डी क्रमांकाच्या जुन्या गाडीत सर्वांत पुढे होती, आणि नव्या इंजिनाच्या एक्केचाळीसमध्ये ब्रॉक तिच्या पाठोपाठ. तिसऱ्या वळणावर ब्रॉकने गाडी आतून घातली. ओल्या मातीवरून घसरत वर यायचे आणि पुढच्याच्या नाकासमोर जाऊन बसायचे, ही त्या वळणावरची जुनी चाल. मात्र पूर्ण पुढे गेल्याखेरीज वर सरकायचे नसते, आणि ब्रॉकला अर्धे चाक कमी पडले. त्याच्या मागच्या चाकाने डेलनीचे पुढचे चाक धरले. ती गरकन फिरून उलट तोंडाने कडेच्या चढावर गेली. ब्रॉक डगमगला, सावरला आणि पुढे निघून गेला. शर्यत थोपवणारा पिवळा बावटा लागला.

दुसरा भाग मात्र धुळीत घडला.

या गाड्यांना स्टार्टर नसतो आणि क्लचही नसतो. चाके फिरत आहेत तोवर इंजिन जिवंत. चाके थांबली की ते बंद पडते, आणि मग मागून ट्रकने बंपर लावून ढकलल्याखेरीज गाडी पुन्हा सुरू होत नाही. मर्लने लिहिलेला ट्रॅकचा नियम याच गोष्टीवर उभा होता. गाडीला गाडी लागली तर दोष कोणाचा हे विचारायचे नाही. ज्याची चाके थांबली, ज्याला धक्का-ट्रक लागला, तो रांगेच्या शेवटी. जो चालत राहिला, त्याची जागा त्याचीच.

डेलनीला धक्का-ट्रक लागला होता. तो ट्रक चालवत होता लमार.

ती अकरावी आली आणि ब्रॉक जिंकला. हंगामाची ढाल ज्यांवर ठरते त्या गुणांत काल संध्याकाळपर्यंत डेलनी मामेभावाच्या थोडी पुढे होती. रात्री ती मागे पडली. या दोन नातवंडांपैकी ज्याचे गुण जास्त भरतील तो पुढच्या वर्षी एक्केचाळीसमध्ये बसेल आणि दुसऱ्याने एक्केचाळीस-डी घ्यायची, असे मर्लने वसंतात याच टेबलावर सांगितले होते. चांगली गाडी एकच होती. ती पुढच्या वर्षी कोणाची, एवढाच काय तो प्रश्न होता, आणि त्यावर सूप थंड होत होते.

"माझं म्हणणं सरळ आहे," नॅडीन बसली, पण पळी हातातच राहिली. "धडक मारली ब्रॉकने. शिक्षा डेलनीला. मारणारा पुढे जाऊन बक्षीस घेतो आणि मार खाणारा मागे जातो, हा कुठला न्याय? ज्याने ठोकलं त्याला मागे पाठवा. सगळं जग असंच करतं."

"आत्या, मी काय मुद्दाम ठोकली का?" ब्रॉक म्हणाला. "जागा होती म्हणून गेलो. तिने गॅसवरचा पाय काढला असता तर काहीच झालं नसतं."

"अर्धं चाक कमी होतास तू."

"तू खिडकीत बटाटे तळत होतीस. तुला अर्धं चाक दिसलं?"

"मला बटाटेही दिसतात आणि गाढवंही दिसतात!"

"ब्रॉक, आत्याशी नीट बोल," लमार म्हणाला. तो आल्यापासूनचे त्याचे हे पहिलेच वाक्य होते.

"आई," डेलनी मध्येच म्हणाली, "ती धडक सोडून दे."

नॅडीनने तिच्याकडे असे पाहिले, जणू मुलीनेच आता तिला मागून ठोकले होते.

"ब्रॉकचं नाक मला दिसलं होतं," डेलनी शांतपणे सांगू लागली. "मी गॅस सोडू शकले असते. नाही सोडला. तो येईल तर येऊ दे, आधी मीच निघते असं वाटलं. त्याला अर्धं चाक कमी पडलं हे खरंय आणि मी त्याच्या वाटेचं दार लावून घेतलं हेही खरंय. त्याच्या जागी मी असते तर मीसुद्धा तशीच घुसले असते."

"अगं, तू बोलतेयस कोणाच्या बाजूने?"

"माझ्या. तू सगळा जोर धडकेवर लावलायस, आणि धडकेबद्दल माझी तक्रारच नाही."

ब्रॉक अंडे खाली ठेवून तिच्याकडे पाहत राहिला. सकाळपासून त्याने मनात तयार केलेली सगळी उत्तरे या मुलीने एका दमात निकामी केली होती.

"मग तक्रार कशाबद्दल?" मर्लने विचारले.

"पॅपी, माझी चाकं थांबलीच नव्हती. मी चढावर उलटी गेले, तिथून तिरकी खाली घरंगळत येत होते. इंजिन चालू होतं. अजून दोन हात खाली आले असते तर नाक वळवून आपली आपण निघाले असते. तेवढ्यात ट्रक लागला. मी हात हलवला, नको नको म्हणून खुणा केल्या. आणि कानात मावशीचा आवाज आला, एक्केचाळीस-डी, मागे जा."

कानातला रेडिओ एकतर्फी असतो. चालकाने ऐकायचे असते. उलट बोलायची सोय त्यात नाही. ती नसावी, असाही मर्लचाच आग्रह होता.

"मला हात दिसला," व्हर्ना म्हणाली. "मला वाटलं, तू ब्रॉकला शिव्या देतेयस."

"त्या नंतर दिल्या."

या वेळी मात्र टेबलावर थोडे हसू फुटले. ब्रॉकसुद्धा हसला, आणि आपण हसलो हे लक्षात येताच त्याने पाण्याचा पेला उचलला.

व्हर्ना हसली नाही. सकाळी उठून तिने प्रेक्षकांनी पाठवलेल्या मोबाईलवरच्या सगळ्या चित्रफिती पाहिल्या होत्या. प्रत्येकीत धूळ होती, आणि नेमक्या त्या क्षणी ट्रकचे रुंद नाक आडवे येत होते. ट्रक लागल्यानंतर इंजिन चालूच असणार, त्यामुळे आवाजावरून काही ठरत नव्हते. डेलनीची चाके ट्रक टेकण्यापूर्वी फिरत होती की नव्हती हे फक्त एकाच काचेतून दिसू शकले असते, आणि ती ट्रकची काच व्हर्नाच्या सख्ख्या भावाच्या डोळ्यांसमोर होती. त्याला ती काल रात्रीच विचारू शकली असती. विचारले नव्हते. एकट्यात विचारून काही कळले असते, तर ते कळलेले घेऊन कुठे जायचे, हे तिला उमगले नव्हते.

मर्लने घसा साफ केला. ब्याऐंशी वर्षांचा तो माणूस बोलण्याआधी समोरचे काटे-चमचे सरळ रेषेत लावून घेई. विल्यमस्पोर्टच्या तंत्रशाळेत यंत्रकाम शिकताना लागलेली सवय.

"नॅडीन, तू म्हणतेस, ठोकणाऱ्याला मागे पाठवा. पहिली काही वर्षं आपण तेच करत होतो. तू तेव्हा झालीही नव्हतीस. मनोऱ्यात माझा भाऊ हॅरोल्ड बसायचा. दर शनिवारी तो दोष ठरवायचा आणि दर शनिवारी गाड्यांच्या तळावर, पिटमध्ये, मारामारी व्हायची. एकदा एकाने त्याच्या खिडकीवर पाना फेकला. हॅरोल्ड लबाड नव्हता. पण त्याचा मेहुणा ठोकायचा तेव्हा त्याला ती घसरलेली माती दिसायची, आणि दुसऱ्याने ठोकलं की गुन्हा दिसायचा. हे त्याचं त्यालाही कळत नव्हतं. मग मी ठरवलं, मोजता येईल तेवढंच नियमात लिहायचं. दोष मोजता येत नाही. चाक फिरतंय की थांबलंय हे मोजता येतं. ट्रक लागला की नाही हे मोजता येतं. बाकी सगळं ज्याच्या त्याच्या डोळ्यांत असतं."

"म्हणजे निरपराध माणूस मागे गेला तरी चालेल?" नॅडीनने विचारले.

"कधी कधी जाईल. पण तो कोणाच्या मर्जीने जाणार नाही. आज जाईल तो उद्या दुसऱ्याला जाताना बघेल. इतक्या वर्षांत या नियमावर लोक चिडले, पण आपण घरच्या माणसाला झुकतं माप देतो, असं कोणी म्हणालं नाही. ते माझ्या दृष्टीने मोठं आहे. ट्रॅक आपल्या मालकीचा आणि पोरं आपलीच धावतात. हा नियम नसता तर बाहेरच्या कोणी इथे गाडी आणलीच नसती."

यात खोट काढण्यासारखे काही नव्हते. व्हर्नाने स्वतः हाच युक्तिवाद चालकांच्या सभेत अनेकदा केला होता, आणि काल रात्री मनोऱ्याचा जिना उतरताना पहिल्यांदाच तो तिला अपुरा वाटला होता.

"बाबा, नियम बरोबर आहे," ती म्हणाली. "धडकेचा दोष आपण ठरवायचा नाही, हे मला आजही पटतं. डेलनीनेच आता सांगितलं ना, तिचा तिलाही तो पुरता वाटून देता येत नाही. पण एक गोष्ट तुमच्या हिशेबातून सुटली. तुम्ही न्याय मनोऱ्यातल्या डोळ्यांतून काढलात, आणि तो जाऊन बसला ट्रकच्या बंपरवर. ट्रक लागला की माणूस मागे. मग ट्रक कधी लावायचा हे कोण ठरवतं?"

मर्लने एक चमचा उचलला आणि पुन्हा होता तिथेच ठेवला.

"ट्रकवाला थांबलेल्या गाडीलाच लावतो," तो म्हणाला.

"असं आपण धरून चाललोय."

आता टेबलावर कोणालाच लमारकडे पाहायचे नव्हते, आणि त्यामुळे सगळेच त्याच्याकडे पाहत असल्यासारखे झाले. व्हर्ना सरळ त्याच्याकडे वळली.

"लमार, मी शर्यत-प्रमुख म्हणून विचारतेय. बहीण म्हणून विचारायचं असतं तर काल विचारलं असतं. तू ट्रक लावलास तेव्हा तिची चाकं फिरत होती?"

लमारच्या समोर उत्तर केव्हाचे तयार होते. धूळ होती, नीट दिसले नाही. कोणी त्याला खोटे म्हणू शकले नसते, आणि ते अगदीच खोटेही नव्हते, धूळ होतीच. काल रात्री अंथरुणात त्याने तेच वाक्य बायकोला सांगून पाहिले होते, आणि ती 'बरं' म्हणून कुशीवर वळली होती.

त्याला तो क्षण पुन्हा दिसला. चढावर तिरकी झालेली डेलनीची गाडी. लाल मातीने माखलेले मागचे रुंद चाक, आणि त्यावरचे मातीचे एक ढेकूळ वरून पुढे, पुढून खाली जाताना. चाक फिरत असल्याखेरीज ढेकूळ खाली जात नाही. ते त्याने पाहिले होते, आणि त्याच वेळी त्याचा पाय गॅसवर होता. ती उलट तोंडाने खाली येते आहे, मागून गाड्या येत आहेत, तिला चटकन सरळ करावे, असे वाटले होते का? वाटले असावे. समोरून ब्रॉकची एक्केचाळीस सुखरूप निघून गेली हे त्याआधीच दिसले होते का? तेही दिसले होते. या दोहोंपैकी पाय कशाने दाबला गेला, हे त्याने रात्रभर स्वतःला विचारले होते आणि त्याला सांगता आले नव्हते.

"फिरत होती," लमार म्हणाला.

"बाबा!" ब्रॉक उभा राहिला.

"बस खाली. फिरत होती. हळू, पण फिरत होती. मला दिसलं आणि तरी मी ट्रक लावला."

"का?" नॅडीनचा आवाज आता चढलेला नव्हता.

"मागून गाड्या येत होत्या, तिला वाचवायला गेलो, असं मी सांगू शकतो. ते खरं असेलही. पण तिच्या जागी ब्रॉक असता, तर मी अजून एक श्वासभर थांबलो असतो की नसतो, हे मला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. ताई, याहून जास्त माझ्यापाशी नाही."

नॅडीनने इतका वेळ हातात धरलेली पळी भांड्यात सोडली. सकाळपासून भावाला काय काय सुनवायचे ते तिने ठरवून ठेवले होते. त्यातले काहीच आता बोलण्याजोगे उरले नाही. तिने त्याचा रिकामा वाडगा ओढून घेतला, सूप भरले आणि त्याच्यासमोर सरकवले.

"खा," ती म्हणाली. "थंड झालंय. तुझीच चूक."

मर्ल पुन्हा समोरचे काटे-चमचे लावू लागला. मुलांना वाटले, तो दुखावला. तो विचार करत होता. मग त्याने मान वर केली आणि त्याच्या चेहऱ्यावर ब्रॉकला लहानपणापासून परिचित असलेला भाव होता: लेथवर चुकलेला भाग हातात घेऊन, चूक कुठे झाली ते सापडल्यावर येणारा.

"तंत्रशाळेत पहिल्याच वर्षी आम्हाला शिकवलं होतं," तो म्हणाला. "मोजताना मोजपट्टीने वस्तू हलली, तर ते माप धरायचं नाही. टाकून द्यायचं आणि पुन्हा मोजायचं. माझा ट्रक मोजपट्टी होता. त्यानेच वस्तू हलवली. व्हर्ना, ते माप बाद."

"बाद," व्हर्ना म्हणाली. "पण शर्यत पुन्हा धावता येत नाही."

"म्हणजे ढाल डेलनीची ना?" नॅडीनने आशेने विचारले.

"नाही," व्हर्ना म्हणाली. "ऐकून घे. त्या शेवटच्या फेऱ्यांत बाकीची पोरं जीव तोडून धावली. स्टॅम्बॉचा मुलगा नवव्या जागेवरून चौथा आला. त्याला काय सांगू? आमच्या घरात गोंधळ झाला म्हणून तू मागे टाकलेले पाच जण परत कर? निकाल लागला तो लागला. ढाल ब्रॉकची, गुण ब्रॉकचे, आणि त्यावर मी एक रेघही ओढणार नाही. मात्र शनिवारी बक्षीस-समारंभात माईक घेऊन मी स्वतः सांगणार, की चालत्या गाडीला आमचा ट्रक लागला, चूक ट्रॅकची होती, एक्केचाळीस-डीची नव्हती. सगळ्या चालकांसमोर सांगणार. आणि पुढच्या हंगामापासून चालकाने हात वर करून बोलावल्याशिवाय ट्रकने गाडीला हात लावायचा नाही. हात वर करण्याच्या स्थितीत चालक नसेल तर आधी रुग्णवाहिका जाईल, ट्रक नाही."

"आणि आपली पोरं धावत असतील तेव्हा ट्रकवर मी नको," लमार म्हणाला. "आपल्यातलं कोणीच नको."

"ते लिहितेच आहे."

"धडकेचा नियम?" मर्लने विचारले. प्रश्न हलका होता, पण त्याने चमच्यावरचा हात काढून घेतला होता.

"तो तसाच राहील, बाबा. तो तुमचा आहे आणि चांगला आहे."

म्हाताऱ्याने मान डोलावली, शूफ्लायचे ताट स्वतःकडे ओढले आणि काकवीने चिकट झालेल्या सुरीने एकसारखे तुकडे कापायला घेतले.

"आता घरचं बोलू," तो कापता कापता म्हणाला. "ढाल ट्रॅकची होती, ती व्हर्नाने दिली. गाडी घराची आहे. मी गुणांवर ठरवायचं म्हटलं होतं. गुण ब्रॉकचे जास्त आहेत, पण त्यांतले काही बाद मापाचे आहेत. म्हणून शब्द मी मागे घेतो आणि तुम्हा तिघांवर सोपवतो. एक्केचाळीसमध्ये कोण?"

"डेलनी," नॅडीन म्हणाली. "यात विचारायचं काय?"

व्हर्नाने तोंड उघडले; पण त्याआधी लमार बोलला.

"डेलनी."

ब्रॉकने बापाकडे पाहिले. लमारने नजर वळवली नाही. 

"तू चांगला चालवलास काल," तो म्हणाला. "ती धडक सोड, तशी मीही तरुणपणी दहा वेळा मारलीय. पण तिने जुन्या इंजिनावर तुला अख्खी शर्यत मागे ठेवलं होतं. ट्रक मध्ये आला नसता तर ती निदान दुसरी आली असती, आणि गुण तिचेच राहिले असते. हे तुलाही माहीत आहे."

"माहीत असणं वेगळं आणि तुम्ही म्हणणं वेगळं," ब्रॉक म्हणाला. त्याने शूफ्लायला हात लावला नाही. खुर्ची मागे सारून तो पिटकडे निघून गेला.

"माझ्या मताची गरजच उरली नाही," व्हर्ना म्हणाली आणि पहिल्यांदा टेकून बसली. तिला कोणाला मत द्यायचे होते, हे कोणी विचारले नाही. तिनेही सांगितले नाही.

सगळ्यांची नजर डेलनीकडे गेली. घरातल्या बायकांना वाटत होते, ती रडेल, नाहीतर नको म्हणेल, निदान थोडे आढेवेढे घेईल. डेलनीने तोंडातला घास गिळला.

"मी घेते," ती म्हणाली. "माझी होतीच ती. मामा, सूप संपव." आणि ती भावाच्या मागे बाहेर पडली.

पिटमध्ये दोन्ही गाड्या शेजारी उभ्या होत्या, कालच्या सुकलेल्या मातीसकट. एक्केचाळीसमधून ब्रॉक आपली सीट काढत होता. प्रत्येकाची सीट त्याच्या अंगाच्या मापाने वाकवलेली असते. दुसऱ्याच्या सीटमध्ये बसून कोणी धावत नाही. तो पान्याने बोल्ट ढिले करत होता आणि एकेक बोल्ट नको इतक्या जोराने डब्यात टाकत होता.

"उद्या काढली असतीस तरी चाललं असतं," डेलनी म्हणाली.

"उद्या मला कामावर जायचंय." शेवटचा बोल्ट डब्यात पडला. त्याने सीट उचलून गवतावर ठेवली. "तू मगाशी कशाला सांगितलंस, गॅस सोडू शकले असते म्हणून? तुझी आई माझं मुंडकं उडवणार होती. उडवू द्यायचं."

"खोटं जिंकून मग तुझ्याशी वर्षभर बोलायचं कसं?"

"तसंही मी वर्षभर बोलणार नव्हतो."

"आता बोलतोयस."

ब्रॉकने पान्यावरची माती पॅन्टला पुसली. "बैस आत. बघू कुठवर पोचतेस."

ती वरच्या दांड्याला धरून आत उतरली. सीट नसलेल्या चौकटीत ती नुसत्या पत्र्यावर टेकली आणि पाय लांब केले. ब्रॉक तिच्यापेक्षा वीतभर उंच होता. तिच्या बुटाचे टोक पेडलला जेमतेम टेकले.

"तुझे पाय कोंबडीचे आहेत," तो म्हणाला.

"पेडल मागे घे. चार बोटं."

"चार? तीन पुरतील."

"चार. गाडी माझी आहे."

तो गाडीच्या नाकाशी जमिनीवर पाठ टेकून आत सरकला. आतून त्याचा आवाज घुमून आला.

"पहिल्या शनिवारी मी जुन्या गाडीत तुझ्या मागेच असणार आहे, हे लक्षात ठेव."

"म्हणून तर सांगतेय, नीट घट्ट बसव."

"आणि ढिलं ठेवलं तर?"

"तर वळणावर मी तुझ्यासमोरच आडवी येईन. मग तूच थांबशील आणि तूच मागे जाशील. नियम तसाच आहे, मावशीने आत्ताच सांगितलंय."

मग पाना बोल्टवर बसला, एकदा फिरला, दोनदा फिरला, आणि ब्रॉकने एक पीळ जास्तीचा दिला.